खडकावरची पेरणी

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोॲब नावाचं छोटंसं गाव आहे. माउंटन बाइकवाल्यांची ही पंढरी. गावाबाहेरच्या स्लिकरॉक ट्रेलवर पायवाट अशी नाहीच. उघडा तांबूस खडक आणि त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे. त्या पट्ट्यांच्या मागे मागे जायचं. सुमारे १७ किलोमीटरची ही फेरी १९६९ साली आखली ती मोटरसायकलींसाठी. सायकली नंतर आल्या. काही चढ असे की पुढचं चाक हवेत जातं, काही उतार असे की सीटच्या पार मागे लोंबकळावं लागतं. वाळवंट आहे, तेव्हा वाटेत सरडा भेटेल, फार तर साप, असं मनाशी धरून माणूस निघतो. आणि आठवडाभरापूर्वी पाऊस झालेला असला, तर खडकातल्या एखाद्या परातीएवढ्या खळग्यात त्याला चक्क कोळंबी पोहताना दिसते.

म्हणजे अगदी आपल्या बाजारातली नव्हे. हिला फेअरी श्रिंप म्हणतात, परी-कोळंबी. नात्यानं कोळंबीची लांबची बहीण. लांबी एक-दोन सेंटिमीटर, अंग काचेसारखं आरपार, पायांच्या अकरा जोड्या, आणि पोहणं कायम उताणं. पाय वर करून, लाटेसारखे हलवत. तिच्याच शेजारी तळाशी ट्रायॉप्स फिरत असतो: पाठीवर ढाल, मागे दुहेरी शेपूट. ट्रायॉप्स म्हणजे तीन डोळ्यांचा. दोन मोठे डोळे आणि त्यांच्याजवळ एक बारीकसा तिसरा. आपल्याला त्र्यंबक आठवावा, असाच प्रकार. याच्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांची जीवाश्मं डायनोसॉरांच्या काळातलीही आहेत.

पण हे आले कुठून? जवळपास ओढा नाही, तळं नाही. मोॲबला वर्षाकाठी साधारण ९ इंच पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला होता. तेवढ्या पावसासाठी मोॲबला चार वर्षं थांबावं लागतं.

उत्तर असं की ते कुठून आलेच नाहीत, तिथेच होते. गेल्या महिन्यात हाच खळगा कोरडा ठणठणीत होता, तळाला चिमूटभर धूळ होती, आणि त्या धुळीत अंडी होती. ही अंडी जवळजवळ सगळं पाणी सोडून देतात. पेशींमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर असते. ती पाण्याची जागा घेते आणि आतला नाजूक कारभार काचेत गोठवल्यासारखा जागच्या जागी धरून ठेवते. ना श्वास, ना वाढ. उन्हात भाजलं, थंडीत गारठलं, तरी वर्षानुवर्षं तसंच. पाणी आलं की काही दिवसांत पिल्लू बाहेर.

मला यातली सगळ्यात भारी वाटते ती त्यांची शेती. पहिल्या पावसाला सगळी अंडी उबतच नाहीत! काही उबतात, बाकीची ओली होऊनही गप्प पडून राहतात. कारण उघड आहे. तो पाऊस फसवा निघाला, खळगा चार दिवसांत आटला, तर पोरं मोठी होण्याआधीच मरायची. मृगाच्या एका सरीवर भुलून सगळं बियाणं मातीत घातलं की दुबार पेरणीची पाळी येते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. या कोळंबीला तर मेंदू म्हणावा असा मेंदूही नाही. पण कणगीत बियाणं राखून ठेवायचं, हे तिला जमलं आहे.

आणि यासाठी युटालाच जायला हवं असं नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात जी डबकी साचतात, त्यांतही परी-कोळंब्या असतात. एका जातीच्या शास्त्रीय नावातच सह्याद्री आहे. पुढच्या पावसाळ्यात सड्यावर गेलात तर डबक्यापाशी उकिडवं बसून पाहा. हात मात्र घालू नका. अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन त्या तेवढ्याशा पाण्याला भारी पडतं. सायकल घातली तर विचारायलाच नको.

मोॲबचा तो खडकही तसा थांबलेलाच आहे. जवळून पाहिलं तर त्यावर तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या बारीक रेघा दिसतात. या वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या, होत्या तशा दगड झालेल्या. थोडक्यात, वाळवंटात सायकल हाकता हाकता तुम्ही दुसऱ्याच एका वाळवंटाच्या पाठीवर चढलेले असता. या खडकाला स्लिकरॉक, म्हणजे निसरडा खडक, हे नाव पडलं ते घोड्यांमुळे. लोखंडी नाल त्यावर घसरायचे. रबराचं टायर मात्र पॉलिश पेपरवर धरावं तसं धरतं. मोॲबच्या उत्तरेला क्लोंडाइक ब्लफ्सकडच्या चढावर तर चाकाशेजारी डायनोसॉरांची तीन बोटांची पावलं आहेत. ओल्या वाळूत उमटलेली, १६ कोटी वर्षांपूर्वीची. कुणीतरी त्यांच्याभोवती धोंड्यांची कडी मांडून ठेवलेली असतात, चुकून वरून जाऊ नये म्हणून.

जगाला मात्र इथलं वेगळंच आश्चर्य ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये रानमेंढ्यांची मोजणी करणाऱ्या हेलिकॉप्टरमधून मोॲबच्या दक्षिणेला, एका घळीत धातूचा चकचकीत खांब दिसला. सुमारे तीन मीटर उंच. उपग्रहाची जुनी चित्रं पाहिली तर तो २०१६ पासून तिथेच होता! परग्रहवाले आले म्हणेपर्यंत झुंबड उडाली. दहा दिवसांच्या आत काही जणांनी रातोरात तो उचलून नेलाही. गर्दीनं मागे ठेवली ती घाण आणि झुडपांवर घातलेल्या गाड्यांचे माग.

त्या भागात गाडी वाटेबाहेर घालणं का वाईट, हे कळायला गुडघ्यावर बसावं लागतं. वाटेच्या कडेची वाळू काही ठिकाणी काळपट, खडबडीत दिसते, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ती जिवंत आहे. सूक्ष्म सायनोबॅक्टेरियांचे धागे वाळूच्या कणांतून शिवण घालत जातात, वाळू उडू देत नाहीत, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. कोरड्या दिवसांत हे धागेही निपचित असतात. एकच सायकल वाटेबाहेर गेली तरी ती शिवण उसवते आणि पुन्हा धरायला कित्येक दशकं लागू शकतात. पाऊस पडला की धागे फुगतात, आपल्या खोळीतून सरपटत वर येतात, आणि काही मिनिटांत तो काळा पट्टा हिरवट दिसू लागतो. मधून गेलेली टायरची रेघ तेवढी तांबडीच राहते.