फैलाका बेटाची चव

कुवेत शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर समुद्रात फैलाका हे बेट आहे. प्राचीन ग्रीकांनी त्यास इकारोस म्हटले होते. १९९० पर्यंत येथे दोन हजारांवर वस्ती होती व मासेमारी हा तिचा पिढीजात व्यवसाय होता. त्या वर्षी इराकी सैन्याने रहिवाशांस बाहेर काढले. १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाले, तरी गाव पूर्ववत वसले नाही. आज तेथे पर्यटकास जेवण मिळते, परंतु घराघरांतील चुली विझल्या त्या विझल्याच.

या किनाऱ्याचे अन्न चाखावयाचे, तर शहरातील मुबारकिया बाजारात जावे. तेथे मासळी विकली जाते व खाणावळीही आहेत. येथील मानाचा मासा झुबैदी, म्हणजे आपले पापलेटच! त्यास पर आहेत, बारीक खवलेही आहेत. तेव्हा आपल्या ताटास तो परका नाही. तळलेला मासा मसालेदार भातावर वाढतात, त्यास मुतब्बक म्हणतात. सोबत टोमॅटो-लसणीचे दक्कूस असते. काकडी व टोमॅटो वफ्रा आणि अब्दली येथील मळ्यांत पिकतात.

मात्र झुबैदी आता पूर्वीसारखी विपुल नाही. शत्त-अल-अरब नदीचे गोडे पाणी घटले, मासेमारी वाढली. म्हणून विणीच्या हंगामात तिच्या मासेमारीवर बंदी असते. कोकणचा किनारा सोडून आलेल्या आम्हांस हे सहज उमगते. गाव सुटले तरी चव सोबत येते. पण मासाच उरला नाही, तर मुलांच्या ताटात काय वाढणार?