तडजोडीची उधारी कोणाच्या खाती?

चातुर्मासातील एका रविवारी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन उरकून पुण्यातील एका जैन वसतिगृहाचे विद्यार्थी सभागृहात जमले. निम्मे ‘केंद्र सरकार’ झाले, निम्मे ‘राज्ये’. वादाचा विषय होता २०२० सालचा जीएसटी भरपाईचा तंटा. बहुतेकांच्या घरी दुकान असल्यामुळे जीएसटी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्यामागचा करार मात्र फारच थोड्यांना ठाऊक होता.

१ जुलै २०१७ रोजी राज्यांनी व्हॅट, प्रवेशकर असे आपले हक्काचे कर सोडले. त्याबदल्यात २०१५-१६चे उत्पन्न पाया धरून दरसाल १४ टक्के वाढीची हमी त्यांना पाच वर्षांसाठी मिळाली. तूट पडल्यास ती मोटारी, तंबाखू, कोळसा, शीतपेये यांवरील उपकरातून भरून निघणार होती. टाळेबंदीत दुकाने मिटली आणि उपकरही आटला. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले : ९७ हजार कोटींचे कर्ज उचला, किंवा २.३५ लाख कोटींचे. दोन्हींत कर्जदार राज्येच.

“शब्द दिला तर घरची भांडी विकून पाळावा,” असे म्हणत ‘राज्यां’च्या बाजूच्या कापड व्यापाऱ्याच्या मुलाने टाळ्या मिळवल्या. सीए करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘केंद्रा’तर्फे थंडपणे उत्तर दिले, “हमी उपकराच्या निधीची होती, तिजोरीची नव्हे. हमीपत्र वाचून सही करावी, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे?” दोघेही खोटे बोलत नव्हते, हीच खरी अडचण होती.

एकाने फळ्यावर गणित मांडले. जीएसटी परिषदेत मतांचे एक तृतीयांश वजन केंद्राचे, दोन तृतीयांश सर्व राज्यांचे. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्रावाचून राज्यांचे चालत नाही आणि राज्यांवाचून केंद्राचे. परिषदेत पहिले मतदान झाले ते थेट डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीच्या करावरून. त्याआधी सारे सहमतीने झाले होते. ती सहमती किती घासाघिशीची असेल, हे पेढीवर बसलेल्याला सहज कळावे.

ऑक्टोबरमध्ये तोडगा निघाला. १.१० लाख कोटींचे कर्ज केंद्राने स्वतः उचलून राज्यांना द्यायचे आणि त्याची फेड उपकरातून करायची. केंद्राची पत मोठी, त्यामुळे व्याज कमी. थोरल्या पेढीने आपल्या नावावर पैसा उचलून धाकट्या पेढ्यांना वळता करावा, तसा हा व्यवहार. काही राज्ये अडून बसली होती, पण डिसेंबरपर्यंत सर्वांनी मान्यता दिली.

“हाच तर अनेकांत!” कोणीतरी उत्साहाने म्हणाले. त्यावर शेवटच्या रांगेतील एका मुलाने हरकत घेतली. दुसऱ्याच्या भूमिकेतही सत्याचा अंश असतो हे मानणे म्हणजे अनेकांत. रक्कम अर्धी-अर्धी वाटून घेणे म्हणजे नव्हे. दुसरी गोष्ट केवळ सोयीची असू शकते. अशा स्पर्धांत अनेकांताचा उल्लेख टाळ्यांसाठी इतक्या वेळा होतो, की ही हरकत मोलाची ठरली.

सभा संपत आली असता, ज्याच्या घरी शीतपेयांची एजन्सी आहे असा लातूरचा एक विद्यार्थी उठला. शीतपेयांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता. कर्जफेडीसाठी त्या उपकराची मुदत जून २०२२ वरून मार्च २०२६ पर्यंत वाढली. “केंद्राने थोडे सोडले, राज्यांनी थोडे सोडले, हे ठीक,” तो म्हणाला. “पण उधारी फेडणारे गिऱ्हाईक त्या बैठकीला कुठे होते?”

त्यावर दोन्ही बाजूंना चटकन उत्तर सुचले नाही. तोडगा योग्य होता की नाही यावर हात वर करून मत घेतले गेले, तेव्हा ‘केंद्रा’चे सारे आणि ‘राज्यां’चे बहुतेक हात वर गेले. लातूरच्या मुलाचा हातही बऱ्याच विलंबाने वर आला. दुसरी वाट दाखवता येत नाही म्हणून, असे त्याने खाली बसताना शेजाऱ्याला सांगितले.