एक सहा जीबीचं, एक आठ जीबीचं

संपादकांनी दिलेला विषय सरळ होता: जुन्या बाजारात अजूनही खपणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आणि एएमडीचं आरएक्स ५८०.

कागदावरची तुलना झटपट आटोपते. १०६० जुलै २०१६ चं. १२८० कोअर, ६ जीबी मेमरी, १२० वॉट. ५८० एप्रिल २०१७ चं. आदल्या वर्षीच्या ४८० ची चिप थोडी ताणून नव्या नावाने आणलेली. २३०४ प्रोसेसर, ८ जीबी, १८५ वॉट. बाजारात आली तेव्हा अमेरिकेतल्या किमती २४९ आणि २२९ डॉलरपासून. जुन्या डायरेक्टएक्स ११ च्या खेळांत बहुतेकदा १०६० पुढे, व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये बहुतेकदा ५८० पुढे. १०८०पी पडद्यावर एकोणीस-वीस. इथे लेख संपायला हवा होता.

पण ही कार्डं आता सहसा नवी मिळत नाहीत. म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर कार्डं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जाऊन बसलो. तुलनेचा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "कुठलं चांगलं ते नंतर. आधी विचारा, आधीच्या मालकाने वापरलं कशासाठी?"

५८० च्या बाबतीत उत्तर बहुधा एकच: मायनिंग, म्हणजे इथेरियमसारखं आभासी चलन ‘खणून’ काढणं. इथेरियमच्या आकडेमोडीला चिपच्या ताकदीपेक्षा मेमरीचा वेग जास्त लागे आणि ५८० ची मेमरी सेकंदाला २५६ जीबी ओढते. १०६० ची १९२. म्हणून खाणवाल्यांनी ५८० उचलली, चिपचा वेग आणि व्होल्टेज उतरवलं, मेमरीचा चढवला आणि अहोरात्र चालवली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ही पद्धतच बंद केली. मग हे सामान जुन्या बाजारात आलं.

यातली मला सगळ्यात गुंतवून ठेवणारी गोष्ट म्हणजे कार्डाच्या बायोसमधले फेरफार. मेमरीने एक काम संपवून दुसरं घ्यायच्या आत किती थांबायचं, याचे आकडे तिथे लिहिलेले असतात. खाणवाले ते आकडे कमी करून ठेवत. मेमरी मग अधूनमधून चुके, पण मायनिंगमध्ये चुकलेलं उत्तर फक्त नाकारलं जातं, धंदा चालू राहतो. खेळात मात्र तीच चूक पडद्यावर रंगीत चौकटी होऊन उमटते, नाहीतर यंत्र बंद पाडते. गिऱ्हाईक कार्ड मेलं म्हणून घेऊन येतं. कारागीर कंपनीचा मूळ बायोस परत चढवतात, वाळून खडू झालेली पेस्ट खरवडतात, मेमरीवरचे थर्मल पॅड बदलतात, पंखा हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकतात आणि मग टेस्ट लावतात. काही मॉडेलांवर दोन बायोस आणि एक चिमुकला स्विच असतो. तो सरकवला की कधी कधी एवढ्यानेच कार्ड ताळ्यावर येतं. रात्रंदिवस राबलेली चिप सहसा शाबूत असते, म्हातारे होतात ते पंखे आणि मेमरी. मायनिंगचं कार्ड म्हणजे कचरा, ही समजूत मला तिथे बसल्यावर फार सरसकट वाटली.

१०६० चा धोका वेगळा, नावातला. त्याच नावाचं ३ जीबीचं कार्डही आलं होतं. त्यात मेमरी अर्धी आणि कोअरही ११५२ च. शिवाय फार जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये १०६० असं नाव भरून विकणारे आहेत. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवला तर बहुतेक सोंगं उघडी पडतात. ५८० वालेही धुतल्या तांदळाचे नाहीत: ‘२०४८एसपी’ लिहिलेलं ५८० म्हणजे प्रोसेसरच्या हिशेबात ५७० च.

एवढं पारखून घेतलं तरी पुढची अडचण दुरुस्तीवाल्याच्या हातातली नाही. २०२३ च्या अखेरीस आलेला ‘ॲलन वेक २’ हा खेळ सुरुवातीला मेश शेडर मागत होता; ते दोन्हींत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरातल्या ‘इंडियाना जोन्स’ला हार्डवेअरमधलं रे ट्रेसिंग लागतं; तेही नाही. ५८० चे विंडोज ड्रायव्हर एएमडीने २०२३ मध्येच संथ शाखेत ढकलले. १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद, त्यापुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची डागडुजी. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून खेळ वेगवान करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस १०६० वर चालत नाही. गंमत अशी की प्रतिस्पर्ध्याच्या, एएमडीच्या एफएसआरच्या जुन्या आवृत्त्या चालतात.

मी स्वतः घेतलं तर ५८० घेईन, तेही पॉवर सप्लाय धड असेल तरच. दोन जीबी जास्त मेमरी आज उपयोगी पडते आणि लिनक्सवर त्याचा खुला ड्रायव्हर अजून जिवंत आहे. कारागिरांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांच्याकडे येणाऱ्या पोरांना व्हॅलोरंट खेळायचं असतं. तो लिनक्सवर चालतच नाही, आणि विंडोजवर त्याला यातलं कुठलंही कार्ड पुरून उरतं. पोरं विचारतात ते वीजबिलाचं, आणि तिथे १०६० जिंकतं.