हे नाणं आलं कुठून? इंग्लंडच्या कॉइन फेअरमध्ये फिरताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी जे अडखळलो तेवढं फक्त काढलंय.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि तिथली मध्ययुगीन नाणी जमवतो. मुख्यतः तेराव्या शतकातली चांदीची पेनी. हे सांगितलं की दोन प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे भरपूर पैसे लागत असतील ना?" आणि दुसरा, "खरं-खोटं कसं कळतं?" दोन्हींची उत्तरं देतो. पण मला एक तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि आजचा भाग खरं तर त्याच्यासाठी आहे.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. कॉइन शोला तिकडे 'कॉइन फेअर' म्हणतात. यॉर्कला ती घोड्यांच्या रेसकोर्सवर भरते. बर्मिंगहॅमजवळ चक्क मोटरसायकलच्या म्युझियमच्या इमारतीत. आत मोठा हॉल, लांब टेबलं, टेबलांवर लाल-निळ्या मखमलीचे ट्रे, प्रत्येक खणात एक नाणं आणि नाण्याखाली गोल कागदी चिठ्ठी. मागे विक्रेता, हातात चहाचा कप. गर्दीत पांढऱ्या केसांची मंडळी जास्त. तरुण कोणी दिसलं की विक्रेते आनंदाने बोलतात आणि नाणं हातात देतात. म्युझियममध्ये काचेपलीकडून बघायचं असतं, इथे आठशे वर्षांपूर्वीची चांदी तळहातावर येते. मला हे व्यसन तिथेच लागलं.

आता पैशांचं. लंडनच्या टांकसाळीची साधी, झिजलेली पेनी 30-40 पाउंडांतही मिळू शकते. दुर्मिळ टांकसाळ, छान ठसा असेल तर किंमत कितीही चढते. म्हणजे हा फक्त श्रीमंतांचा खेळ नाही. पण घाईचाही नाही.

पेनी दिसते कशी? आपल्या हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, वजन साधारण 1.4 ग्रॅम आणि कागदासारखी पातळ. चांदी 92.5 टक्के, म्हणजे ज्याला आपण स्टर्लिंग सिल्व्हर म्हणतो ती. 240 पेनींचा एक पाउंड व्हायचा. नाणं पाडायची पद्धत अगदी सरळ होती. खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात घट्ट रोवलेला, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा धरायचा आणि हाणायचा हातोडा. त्यामुळे कधी अक्षरं कडेबाहेर जातात, कधी राजाचा चेहरा तिरका येतो. शिवराई पाहिली असेल तर हे ओळखीचं वाटेल. तिच्यावरही 'श्री राजा शिव' पूर्ण दिसेलच असं नाही, कारण तीही हातानेच पाडलेली.

पुढच्या बाजूला राजा, मागच्या बाजूला क्रॉस. यातली एक गंमत सांगतो. 1180 ते 1247 या काळात इंग्लंडमध्ये जी पेनी पाडली, तिच्यावर नाव एकच, 'हेन्रिकस'. त्या काळात दुसरा हेन्री होता, मग रिचर्ड आला, मग जॉन, मग तिसरा हेन्री. चार राजे, नाव एक! रिचर्ड आणि जॉन यांनी नाव बदललंच नाही, कारण लोकांना त्या नाण्याची सवय झाली होती. आपल्याकडेही मराठ्यांच्या टांकसाळींतून मुघल बादशहाच्या नावाचे रुपये निघायचेच की. बाजारात चालणारं नाव बदलायची जोखीम कोण घेणार?

मग नाणं नक्की कोणाचं हे कळतं कसं? राजाच्या केसांच्या कुरळ्या बटांची ठेवण, मुकुटावरचे मोती, अक्षरांची वळणं यांवरून. आणि मागच्या बाजूवरून. तिथे टांकसाळ चालवणाऱ्या माणसाचं नाव आणि गावाचं नाव असायचं. उदाहरणार्थ 'निकोल ऑन लुंड', म्हणजे लंडनचा निकोल. नाणं हलकं किंवा भेसळीचं निघालं तर कोणाला धरायचं, ते नाण्यावरच लिहिलेलं. आणि धरायचेही. 1124 च्या नाताळात पहिल्या हेन्रीने देशभरातल्या टांकसाळवाल्यांना बोलावून घेतलं आणि भेसळीची शिक्षा म्हणून त्यांचे उजवे हात तोडले.

तरी फसवाफसवी थांबली नाही. लोक नाण्याची कड कात्रीने जराशी कापायचे, चांदी साठवायचे आणि नाणं पुढे खपवायचे. याला 'क्लिपिंग' म्हणतात. म्हणून 1247 मध्ये मागचा क्रॉस पार कडेपर्यंत लांबवला. चारही टोकं दिसली तर नाणं पूर्ण, नाही दिसली तर कोणीतरी कात्री चालवली. हीच 'लॉन्ग क्रॉस' पेनी, माझी लाडकी. क्रॉसचा आणखी एक उपयोग होता. सुट्टे हवे असले की त्याच रेषेवर पेनी कापायची, अर्धी नाहीतर पाव. म्हणजे त्यांची अधेली आणि पावली! असे तुकडे आजही फेअरमध्ये मिळतात, स्वस्त असतात, आणि सुरुवात करायला उत्तम.

या कापाकापीची एक काळी बाजू आहे. 1278 मध्ये पहिल्या एडवर्डच्या राज्यात क्लिपिंगच्या आरोपाखाली शेकडो ज्यूंना एकदम अटक झाली. सोनार आणि इतर ख्रिश्चनही पकडले गेले, पण त्यांतले बरेच दंडावर सुटले. अडीचशेहून जास्त ज्यूंना मात्र फाशी झाली. 1290 मध्ये तर सगळ्या ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं. 1279 च्या नव्या नाण्यांवरून टांकसाळवाल्याचं नावही जवळजवळ सगळीकडे गेलं, फक्त शहराचं राहिलं. कडा कापलेली पेनी हातात आली की मला हे आठवतं. ही कात्री कोणाची, आणि शिक्षा कोणाला झाली?

आता टेबलाशी उभे आहात. खरं-खोटं बघायचं कसं?

नाणं नेहमी कडेने धरा, आणि ट्रेच्या वरच धरा, म्हणजे निसटलं तरी मखमलीवर पडेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत ठेवा. फोनचा कॅमेरा झूम करता येतो, पण फोटो काढायच्या आधी विचारा. पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे बारीक खड्डे किंवा कडेला जोडाची रेघ दिसली तर नाणं साच्यात ओतलेलं असू शकतं. दोन नाणी अगदी हुबेहूब सारखी दिसली, कडेची वळणं आणि झीजसुद्धा, तर दोन्ही ठेवून द्या. हातोड्याचे दोन घाव कधी सारखे पडत नाहीत. वजन करायला सांगा, चांगला विक्रेता लगेच करून दाखवतो. आणि हो, आपल्याकडे नाणं 'वाजवून घ्या' म्हणतात ना, ते इथे चुकूनही नको! शतकानुशतकं जमिनीत राहून चांदी ठिसूळ होते. वाजवायला जाल आणि दोन तुकडे घेऊन घरी याल.

एवढं झाल्यावर माझा तिसरा प्रश्न. "हे आलं कुठून?"

मध्यंतरी एका छोट्या फेअरला, गावाचं नाव नको, चहाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला हळूच प्लास्टिकची डबी दाखवली. आत सात लॉन्ग क्रॉस पेनी, मातीसकट. सगळ्या मिळून 80 पाउंड. टेबलावर तेवढ्या पैशांत दोन आल्या असत्या. आणि एकीवर मला एक्झिटरच्या नावाची अक्षरं दिसली. ती टांकसाळ तेव्हा थोडाच काळ चालली, म्हणून मी कधीची शोधत होतो. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले. मी विचारलं, कुठे सापडल्या? म्हणाले, शेतात. सगळ्या एकाच शेतात? हो. कळवलंत का? त्यांनी डबी मिटली आणि निघाले. मी ते आयोजकांच्या कानावर घातलं. एक्झिटरची पेनी आजही माझ्याकडे नाही.

का सोडली, ते सांगतो. इंग्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर कायदा आहे. 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकाच ठिकाणी सापडली, तर तो खजिना ठरतो आणि 14 दिवसांत कळवावं लागतं. म्युझियमने तो घेतला तर मोबदला मिळतो, साधारणपणे शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटून. एकटंदुकटं नाणं या नियमात सहसा येत नाही, त्यामुळे फेअरमधली बहुतेक विक्री कायदेशीरच असते. सात नाणी एकाच शेतातली म्हणजे प्रश्न वेगळा.

पण कायदा बाजूला ठेवला तरी काय बुडतं? 2015 साली इंग्लंडमध्ये दोन खजिने सापडले, दोन्ही 870 च्या दशकात पुरलेले, माझ्या पेनींपेक्षा जवळजवळ चारशे वर्षं जुने. पहिला ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ. शोधणाऱ्याने कळवलं, तज्ज्ञांनी तो मातीच्या ढेकळासकट उचलला, आणि आज तो ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. त्यातल्या काही नाण्यांवर दोन राजे शेजारी-शेजारी बसलेत. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ यांनी ही एकसारखी नाणी पाडली होती. जुन्या बखरीने चेओलवुल्फला मूर्ख ठरवून टाकलं होतं. नाणी सांगतात की तो आल्फ्रेडचा बरोबरीचा साथीदार होता.

दुसरा खजिना हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ. अंदाजे 300 नाणी. शोधणाऱ्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढली. पोलिसांनी फोनमधले डिलीट केलेले फोटो परत मिळवले, तेव्हा खजिना केवढा होता ते कळलं. 2019 मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. नाणी मात्र थोडीच परत मिळाली. बाकीची कुठेतरी कोणाच्या तरी ट्रेमध्ये असतील, गोष्ट हरवून बसलेली.

म्हणून सांगतो, नाण्याखालची ती गोल चिठ्ठी फेकू नका. त्यावर जुन्या संग्राहकाचं नाव, खरेदीचं साल, सापडल्याचं गाव असू शकतं. नसेल तर विचारा, आणि जे कळेल ते स्वतः लिहून ठेवा. "कुठून आलं" विचारल्यावर चांगला विक्रेता खुर्ची पुढे ओढतो. जो विषय बदलतो, त्याचं टेबल सोडा. आणि तुमच्या गावी शेत नांगरताना, विहीर खणताना काही हाती लागलं, तर आपल्याकडेही 1878 चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. आधी आहे त्या जागी फोटो काढा आणि धुवायला जाऊ नका.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या आजीच्या डब्यात एखादं जुनं नाणं असेल, तर ते घरात कसं आलं हे तिला आजच विचारा आणि फोनवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!