फेरे मोजणारा कार्बोरेटर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत पावसाळ्याच्या तोंडावर कडुनिंबाची मोठी फांदी उतरवायची म्हटली, तर क्रेनला बोळात वळायला जागा मिळणं कठीण. कमरेला दोर बांधलेला माणूस चेनसॉ घेऊन वर चढतो आणि ती आडवी, तिरकी, प्रसंगी उलटी धरून चालवतो. मोटारसायकलचा कार्बोरेटर असा कलंडला की हिशोब संपला, कारण त्याचं सगळं गणित पेट्रोलच्या वाटीवर तरंगणाऱ्या फ्लोटवर चालतं. चेनसॉमध्ये वाटी नाही, रबरी पडदे आहेत. पिस्टनच्या प्रत्येक खेपेला क्रँककेसमधला दाब कमी-जास्त होतो. त्या धडधडीवर एक पडदा टाकीतून पेट्रोल ओढतो आणि दुसरा ते लागेल तेवढंच पुढे सोडतो.

लागेल तेवढं म्हणजे नेमकं किती, हे मात्र ऋतूगणिक बदलतं. मे महिन्यातल्या दुपारची ४३ अंशांची हवा जानेवारीतल्या पहाटेच्या १३ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. मिश्रण घट्ट होतं, धूर येतो, प्लग काळा पडतो. उलट्या बाजूला ओढतं ते इथेनॉल. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे साध्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर या पेट्रोलवर सात-आठ टक्के पातळ मिश्रण देणार. मेच्या उन्हात हे दोन दोष एकमेकांना थोडेफार सांभाळून घेतात. जानेवारीच्या गारठ्यात दाट हवा आणि इथेनॉल दोघं मिळून मिश्रण पातळ करतात. वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. त्यातलं बरंचसं इथेनॉल उसाच्या रसातून आणि मळीतून येतं, हे साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. आपल्याच उसाने आपल्या करवतीचं सेटिंग बिघडवावं, याची मला तरी गंमत वाटते.

करवतीच्या मालकाला ती वाटणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच जातं, ५० ला १ या प्रमाणात धरलं तर लिटरला २० मिलीलिटर. पेट्रोल कमी गेलं की तेलही कमी जातं. आणि पातळ मिश्रणावर मोकळं इंजिन उलट जास्त जोरात पळतं, आवाज तिखट होतो, चालवणारा खूश होतो. मग पिस्टन जाम होतो.

हे टाळायचं काम इतके दिवस मेकॅनिकच्या कानाकडे होतं. १९७२ मध्ये आलेल्या लूनापासून टू-स्ट्रोकवर हात बसलेल्यांची एक पिढीच आपल्याकडे तयार झाली. पेचकस घ्यायचा, स्क्रू जरासा फिरवायचा, रेस द्यायची, ऐकायचं. चेनसॉवर असे तीन स्क्रू असतात: एक पूर्ण रेससाठी, एक कमी वेगासाठी आणि एक आयडलिंगसाठी. जाणकार माणूस पूर्ण रेसवर थोडी गुरगुर मुद्दाम ठेवतो. साखळी लाकडात शिरल्यावर ती निवळली पाहिजे. पण हा कान दुकानात असतो. करवत दुसऱ्या दिवशी वेगळ्या हवेत, वेगळ्या पेट्रोलवर जाते.

हुस्कवार्नाची ‘ऑटोट्यून’ आणि स्टीलची ‘एम-ट्रॉनिक’ या प्रणालींनी हा कान यंत्रातच बसवला. (ही स्टील म्हणजे १९२६ साली श्टुटगार्टमध्ये सुरू झालेली जर्मन कंपनी. स्वीडनची हुस्कवार्ना १६८९ मध्ये बंदुका बनवायला निघाली आणि १९५९ मध्ये तिने पहिली चेनसॉ काढली.) मिश्रणाचे स्क्रू गेले, त्यांच्या जागी विजेवर उघडझाप करणारा एक छोटा व्हॉल्व्ह आला. बॅटरी नाही, फ्लायव्हीलवरचं चुंबक ठिणगीसाठी वीज तयार करतं, त्यातलीच थोडी इकडे वळवली जाते.

मोटारीत धुराड्यातला ऑक्सिजन मोजून मिश्रण ठरवतात. टू-स्ट्रोकमध्ये ते जमत नाही, कारण न जळलेलं मिश्रण आणि तेल धुरासोबत बाहेर पडतं. मापही चुकतं आणि सेन्सरही माखतो. म्हणून ही यंत्रणा हवा मोजत नाही, पेट्रोल मोजत नाही, मोजते फक्त फेरे. पूर्ण रेसवर मिनिटाला १३,५०० फेरे धरले, तर सेकंदाला २२५. त्यांतल्या मोजक्या फेऱ्यांपुरतं व्हॉल्व्ह पेट्रोल किंचित तोडतो आणि वेगाचं काय होतं ते पाहतो. वेग वाढला तर मिश्रण घट्ट होतं. घटला तर आधीच पातळ. त्याप्रमाणे पुढची मात्रा ठरते आणि पुन्हा चाचपणी होते. हातात करवत धरलेल्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. इंजिन बंद झालं तरी शेवटचं सेटिंग लक्षात राहतं. मेकॅनिक जे करतो तेच हे, फक्त लाकूड कापलं जात असतानाच.

या हुशारीची एक बाजू मला खटकते. एअर फिल्टर भुशाने भरला, तर यंत्रणा पेट्रोल कमी करून सांभाळून घेते. क्रँकचं सील झिजून इंजिन बाहेरची हवा घेऊ लागलं, तर पेट्रोल वाढवून तेही झाकते. साध्या करवतीवर आयडलिंग वरखाली होऊ लागलं की मेकॅनिक सावध व्हायचा. इथे ती खूण दबते, आणि व्हॉल्व्हची मर्यादा संपते तेव्हा दोष बराच पुढे गेलेला असतो. मग कंपनीचं निदान-यंत्र लागतं, आणि ते प्रत्येक गल्लीत नसतं. २०१९ मध्ये स्टीलने ‘एमएस ५००आय’ या करवतीतून कार्बोरेटरच काढून टाकला आणि इंधन-इंजेक्शन बसवलं. दुरुस्ती तिथे आणखी लांब गेली.

आपल्याकडच्या स्वस्त करवतींना अजून स्क्रूच आहेत. त्यांच्या मालकाने वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर पूर्ण रेसचा स्क्रू टॅकोमीटर लावून पुन्हा जुळवून घ्यावा आणि कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि चार महिने तसंच राहिलं तर रबरी पडदे ताठरतात. मग स्क्रू असो वा व्हॉल्व्ह, करवत सुरूच होत नाही.