पिशवीसोबतची ट्यूब

सकाळी 6.30. रक्तपेढीची गाडी जालन्याहून निघते. अंबड, घनसावंगी, मग कुंभार पिंपळगाव. तंत्रज्ञ ताई ड्रायव्हरशेजारी. मागे पिशव्या, सुया, स्पिरिट, बर्फाचे खोके. ताई कंत्राटावर, महिना 17 हजार. शिबिराचा वेगळा भत्ता नाही. नाश्ता गावाकडून.

9.15. आधी वजन, 45 किलोच्या खाली नको. मग मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटातल्या रक्ताचा थेंब. बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर. ऊसतोडीहून आलेल्या एका बाईचा थेंब मध्येच रेंगाळतो आणि वर येतो.
"मावशी, तुम्हालाच रक्त लागतंय."
मावशी रुसतात. चहा मात्र घेतात.

11.20. पिशवी 350 मिलीची, दहा मिनिटांत भरते. सुई काढण्याआधी ताई दोन ट्यूब भरून घेतात. अर्ज, पिशवी, ट्यूब, तिन्हींवर एकच नंबर. इथे ताई कुणाशी बोलत नाहीत. नंबर चुकला की सगळं वाया.

"ताई, ही कशाला?" खाटेवरचा पोरगा विचारतो.
"पिशवी पेशंटची, ट्यूब तपासणीची."

एचआयव्ही, ब आणि क कावीळ, गरमी, मलेरिया एवढं तपासतात. संशोधनासाठी नमुना जपून ठेवायचा असेल तर दात्याची वेगळी संमती लागते. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं तसंच सांगतात. सही घ्यायला दोन मिनिटं जातात, समजावून सांगायला दहा. माझ्या मते ती दहाच खरी.

1.40. पिठलं-भाकरी, उभ्यानेच.

संध्याकाळी 5.30. जालना. सेंट्रिफ्यूज फिरतं. प्लाझ्मा उणे 30 अंशांखाली गेला की वर्षभर टिकतो. सरकारी दराने एका पिशवीचा प्रक्रियाखर्च 1,100 रुपये.

7.00. रक्तगट. ताई दात्याच्या सीरममध्ये ए, बी आणि ओ पेशींचा एकेक थेंब टाकतात, ट्यूब हलवून उजेडाकडे धरतात. ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या तर हात थांबतो. तो 'बॉम्बे' गट असू शकतो. नुसत्या पहिल्या चाचणीत तो ओ म्हणून निसटतो. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला; एच जनुकातला दोष पुढे अशाच लोकांच्या नमुन्यांवरून उलगडला. परळची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा दुर्मीळ दात्यांची नोंद ठेवते. त्यांना लागलं तर त्यांच्याच गटाचं रक्त चालतं.

आज ओ पेशी सगळीकडे मोकळ्याच.

9.10. रजिस्टर बंद. शेअर रिक्षा, 20 रुपये. ताई सुट्टे मोजून ठेवतात. उद्या भोकरदनला शिबिर आहे.