खरारा आणि कावा : शिंगराचे पहिले धडे

पूर्ण वाढलेल्या घोड्याचे वजन तीनशे ते पाचशे किलो असते. त्याला सांभाळणारा मोतद्दार असतो जेमतेम साठ किलोचा. घोड्याने मनात आणले तर हातातला दोर हिसकावून निघून जायला त्याला क्षणही पुरणार नाही. तरीही सैल सोडलेल्या दोराच्या टोकाला तो निमूटपणे चालत राहतो. हे कसे घडते? ताकदीने तर नक्कीच नाही. याचे उत्तर शोधायचे तर घोडा जग कसे पाहतो, त्याला स्पर्श कसा कळतो आणि तो शिकतो कसा, हे समजून घ्यावे लागेल.

घोडा हा मोकळ्या गवताळ प्रदेशात कळपाने राहणारा प्राणी. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. संकट दिसले की पळायचे, हाच त्याचा मुख्य बचाव. म्हणून तर नुकते जन्मलेले शिंगरू तास-दोन तासांतच पायांवर उभे राहते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न हलवता त्याला सुमारे ३५० अंशांच्या परिसरातील हालचाल दिसते. न दिसणाऱ्या जागा दोनच : एक कपाळासमोर, नाकाच्या अगदी लगत, आणि दुसरी थेट शेपटीमागे. घोड्याच्या मागून जाऊ नये असे वडीलधारी माणसे सांगतात, त्याचे कारण हे आहे. न दिसलेल्या ठिकाणाहून अचानक स्पर्श झाला की तो आधी लाथ मारतो, मग पाहतो. म्हणून त्याच्याकडे जावे ते तोंडाने काहीतरी बोलत, खांद्याच्या दिशेने.

हा फरक वर्गात मोजता येईल. एका विद्यार्थ्याला समोर नजर स्थिर ठेवून बसवा. दुसऱ्याने त्याच्या डोक्यामागून पेन्सिल हळूहळू वर्तुळात पुढे आणावी. पेन्सिल दिसू लागते ती जागा दोन्ही बाजूंना खूण करून कोनमापकाने मोजावी. उत्तर १८० अंशांच्या जवळपास किंवा थोडे अधिक येईल.

खरारा कशासाठी?

खरारा हे दातेरी साधनाचे नाव आहे आणि ते फिरवण्याच्या कामाचेही. आधी खरारा गोलाकार फिरवून चिकटलेली माती आणि सुटे केस मोकळे करायचे. मग केसांच्या दिशेने ब्रश मारून ते झटकायचे आणि शेवटी कापडाने पुसून घ्यायचे. जिथे हाड कातडीलगत असते, म्हणजे चेहऱ्यावर आणि गुडघ्याखाली, तिथे खरारा न वापरता मऊ ब्रश किंवा कापडच वापरतात.

हे केवळ सौंदर्यासाठी नसते. घोड्याला भरपूर घाम येतो. त्यात लॅथेरिन नावाचे प्रथिन असते. ते साबणासारखे काम करते. त्यामुळे घाम केसांमधून पसरतो, लवकर वाळतो आणि शरीर थंड होते. घोड्याच्या अंगावर फेस दिसतो तो या प्रथिनामुळेच. हा वाळलेला घाम आणि धूळ खोगिराखाली राहिली, तर कातडी घासून जखमा होतात. शिवाय हात रोज सर्वांगावरून फिरला, की गोचीड, सूज, वाढलेली उष्णता किंवा दुखरी जागा वेळीच कळते.

खुरांचेही तसेच. खूर आपल्या नखांसारखेच केराटिनचे असते आणि महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. तळव्यात रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत शेण आणि चिखल साचून राहिला, तर तेथे जीवाणू वाढतात, दुर्गंधी येते आणि तो भाग सडू लागतो. म्हणून लोखंडी आकड्याने खाचा रोज साफ करतात. पण पळून जगणाऱ्या प्राण्याने आपला पाय दुसऱ्याच्या हाती देणे ही साधी गोष्ट नाही. ती शिंगराला लहानपणीच, थोडी थोडी शिकवावी लागते : आज नुसता पायावरून हात फिरवायचा, उद्या क्षणभर पाय उचलायचा, त्याने ओढाताण करण्यापूर्वीच खाली ठेवायचा.

खराऱ्याचा आणखी एक परिणाम आहे. कळपातले दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान आणि पाठीचा पुढचा भाग दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. मानेच्या बुडाशी, म्हणजे घोडे एकमेकांना आवडीने खाजवतात त्या जागी, माणसाने खाजवले तर हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात आढळले. म्हणजे हा स्पर्श घोड्याच्या भाषेतलाच आहे. ओळख करून घ्यायची ती कपाळावर थोपटून नव्हे, तर इथे खाजवून.

मग जन्मल्याबरोबर शिंगराला धरून कुरवाळावे का? फ्रान्समध्येच झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने वेगळा मार्ग दाखवला. त्यात शिंगराला हातच लावला नाही. पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटे त्याच्या आईला ब्रश केला आणि हाताने चारले. ही शिंगरे पुढे माणसाजवळ अधिक सहजपणे येऊ लागली. आई निर्धास्त आहे, हे पाहून पिल्लू शिकले.

ताण कधी सोडायचा?

शिंगराला प्रथम मोहरकी घालतात. मग ‘चल’ म्हणून दोराला हलकासा ताण देतात. शिंगरू गोंधळते, मान ताठ करते, कधी मागे सरते. ताण तसाच हलका ठेवायचा. केव्हातरी ते एक पाऊल पुढे टाकते, आणि त्याच क्षणी दोर सैल करायचा. इथेच शिक्षण होते. नकोसा ताण नाहीसा झाला, तो आपण पाऊल टाकल्यामुळे, हा संबंध जुळतो. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. ही शिक्षा नव्हे. शिक्षेने एखादे वर्तन कमी होते. प्रबलनाने, मग ते धन असो वा ऋण, वर्तन वाढते.

सगळी मेख वेळेत आहे. पाऊल पडल्यावरही दोर ओढतच राहिलो, तर चालण्याने काही साधत नाही असे शिंगरू शिकते. ते दोन पायांवर उभे राहिले आणि आपण घाबरून दोर सोडला, तर उभे राहिले की सुटका होते, हे ते एका धड्यातच शिकते. अशा घोड्याला लोक ‘खोडकर’ म्हणतात. पण तो शिकवलेलाच धडा म्हणून दाखवत असतो.

बुजण्यावरचा उपायही याच तत्त्वाने चालतो. फडफडणारे कापड आधी लांबून दाखवायचे. शिंगरू शांत उभे राहिले की कापड दूर न्यायचे. मग पुन्हा, किंचित जवळून. बांधून ठेवून कापड अंगावर टाकले तर ते थकून गप्प उभे राहील, पण गप्प असणे म्हणजे निर्धास्त असणे नव्हे. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, हे ग्रीक लेखक झेनोफोन याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

पाठीवर बसण्याआधी

पुढचा धडा कावा देण्याचा. मध्ये उभे राहून लांब दोरावर घोड्याला वर्तुळात फिरवणे म्हणजे कावा. यात तो चाल, दुडकी आणि थांबणे हे शब्द ओळखू लागतो. वर्तुळात आतल्या बाजूच्या पायांच्या सांध्यांवर वेगळा ताण येतो. म्हणून वर्तुळ मोठे ठेवतात, दिशा बदलतात आणि कोवळ्या जनावराला थोडाच वेळ फिरवतात.

कोवळेपणा उंचीवरून ठरत नाही. दोन वर्षांचा घोडा उंचीने जवळजवळ पुरा दिसतो. पण पुढच्या पायातील गुडघ्यालगतचे वाढीचे कूर्चेचे पट्टे दोन ते अडीच वर्षांपर्यंत हाडात पूर्ण मिसळत नाहीत, आणि पाठीच्या मणक्यांचे तर साधारण पाच वर्षांपर्यंत. पाठीवर ओझे न घालता जमिनीवरून शिकवण्याचे मोल इथे आहे. या काळात शिंगरू शिकते, आणि पाठ सुरक्षित राहते.

शिकवताना दोरापेक्षा आपले शरीर अधिक बोलत असते. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवून पायाने उत्तरे देई. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की, उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते, आणि ती हालचाल पाहून हान्स थांबतो. ज्याला इतके सूक्ष्म दिसते, त्याला चाबकाने ओरडून सांगण्याची गरज किती?

विद्यार्थ्यांना हे खेळातून अनुभवता येईल. एकाला बाहेर पाठवा. त्याने फळा पुसावा असे बाकीच्यांनी ठरवावे. तो आत आला की वर्गाने बाके वाजवत राहावे. योग्य दिशेने पाऊल पडले की आवाज तत्काळ थांबवावा, चुकले की पुन्हा सुरू करावा. मग दुसऱ्या मुलाबरोबर हाच खेळ आवाज तीन सेकंद उशिरा थांबवून खेळावा. दुसरा मुलगा गोंधळेल, कदाचित चिडेलही. त्याची बुद्धी कमी नसते. आपले उत्तर त्याला उशिरा मिळालेले असते.

माथेरान-महाबळेश्वरच्या सहलीत मुले हौसेने घोड्यावर बसतात. बसण्यापूर्वी त्यांनी खोगिराच्या कडेला जखम आहे का, घोडा लंगडतो का, आणि हात वर केला की तो दचकून मान मागे घेतो का, हे पाहावे. त्या घोड्याला शिंगरू असताना काय शिकवले गेले, याचे उत्तर त्यात बरेचसे सापडेल.